दोन सत्रांमधील सुट्टी आणि बेरोजगारी भत्ता : नाशिकच्या शाळा कर्मचाऱ्यांनी काय तपासावे आणि अर्ज कसा करावा

एप्रिलअखेर निकाल लागले की नाशिकच्या विनाअनुदानित शाळांतून दोन प्रकारचे कर्मचारी घरी जातात. काहींचा मे महिन्याचा पगार चालू राहतो. काहींच्या हाती ‘आपली सेवा शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस संपुष्टात येत आहे’ असे पत्र पडते किंवा तेही पडत नाही, आणि जूनच्या मध्यावर शाळा पुन्हा भरेपर्यंत त्यांना एक रुपयाही मिळत नाही. तासिका तत्त्वावरील शिक्षक, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरील लिपिक, स्कूल बसमधील मावशी, ठेकेदारामार्फत आलेले चालक आणि सफाई कर्मचारी बहुतेक या दुसऱ्या गटात मोडतात. या दिवसांचा बेरोजगारी भत्ता मिळतो का, हा त्यांचा दरवर्षीचा प्रश्न असतो.

भत्ता मिळू शकतो, परंतु सुट्टी लागली एवढ्या कारणाने मिळत नाही. भत्ता देणारी यंत्रणा शाळेचे वेळापत्रक पाहत नाही, नोकरीचे नाते संपले आहे का एवढेच पाहते. म्हणून अर्जाला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने एक गोष्ट निश्चित केली पाहिजे : मे महिन्यात मी या शाळेचा कर्मचारी आहे की नाही? असेन, तर माझा हक्क सुट्टीच्या पगारावर आहे आणि तो संस्थेकडे मागायचा आहे. नसेन, तर माझा हक्क विम्याच्या भत्त्यावर असू शकतो आणि तो कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे, म्हणजे ज्याला आपण सगळे ईएसआयसी म्हणतो तिथे, मागायचा आहे. या दोन मागण्या एकमेकींना छेद देतात. अनेक संस्थांचा व्यवहार नेमका या संदिग्धतेवर चालतो : पगार मागितला की ‘तुमची ऑर्डर संपली’ असे उत्तर मिळते, आणि कार्यमुक्तीचे पत्र मागितले की ‘तुम्ही आमचेच आहात, जूनमध्ये याच’ असे सांगितले जाते. ही दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, आणि त्यांपैकी एक लेखी घेणे हे कर्मचाऱ्याचे पहिले काम आहे.

नोकरी चालू आहे की संपली

त्यासाठी नियुक्तिपत्र काढून त्यातील शेवटची तारीख वाचावी. ‘दिनांक १५ जून ते ३० एप्रिल’ अशी मुदत स्पष्ट लिहिलेली असेल आणि नवे पत्र मिळालेले नसेल, तर १ मेपासून आपण बेरोजगार आहोत असे म्हणायला आधार आहे. मुदतच लिहिलेली नसेल, हजेरीपटावर नाव तसेच राहिले असेल, सुट्टीत प्रवेशप्रक्रियेसाठी किंवा प्रशिक्षणासाठी बोलावले जात असेल, तर नोकरी चालू आहे असे मानण्याकडे कल जातो. अशा कर्मचाऱ्याने भत्त्याच्या मागे न लागता सुट्टीच्या पगाराची मागणी लेखी करावी आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा.

राज्य मंडळाच्या मान्यताप्राप्त खाजगी शाळांतील शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ ची नियमावली यांचे संरक्षण आहे. तात्पुरत्या कर्मचाऱ्याची सेवा संपवायची झाली, तरी नियमावलीप्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी एक महिन्याचे वेतन द्यावे लागते. सेवा बेकायदेशीरपणे संपवली असे वाटत असेल, तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्यासाठी आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे आणि ती सुट्टीतच उलटून जाण्याची शक्यता मोठी असते. नाशिकला असे न्यायाधिकरण आहे, त्यामुळे जिल्ह्यातील कर्मचाऱ्याला त्यासाठी पुण्या-मुंबईला जावे लागत नाही.

समाजमाध्यमांवर अमेरिकेतील नियमांचे तुकडे मराठीत करून फिरवले जातात आणि त्यामुळे आपल्याकडच्या लोकांची दिशाभूल होते, म्हणून त्याविषयीही सांगणे भाग आहे. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्यानुसार दोन शैक्षणिक वर्षांच्या किंवा सत्रांच्या मधल्या काळात शिक्षकांना बेरोजगारी भत्ता नाकारला जातो, जर त्यांना पुढच्या सत्रात कामाचा करार किंवा तसे वाजवी आश्वासन मिळालेले असेल. तेथील राज्ये बहुतांशी शिक्षकेतरांनाही हाच नियम लावतात, मात्र मिनेसोटा राज्याने २०२३ मध्ये कायदा करून तासावर काम करणाऱ्या शाळा कर्मचाऱ्यांना उन्हाळ्यात भत्ता खुला केला. हे सर्व तिकडचे आहे. आपल्याकडे शाळांसाठी असा स्वतंत्र नियम नाही. आपल्याकडे प्रश्न विम्याचा आहे आणि तो कारखान्यातील कामगाराला जसा लागू होतो तसाच शाळेतील लिपिकाला होतो.

विमा आहे का, हे आधी पाहावे

एप्रिलची किंवा मार्चची सॅलरी स्लिप समोर घ्यावी. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारे कर्मचारी (दिव्यांग असल्यास २५,००० रुपयांपर्यंत) योजना लागू असलेल्या आस्थापनेत विम्याखाली येतात. कर्मचाऱ्याच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के असे अंशदान भरले जाते. १४,६०० रुपये पगार असेल, तर स्लिपवर ११० रुपयांची कपात दिसायला हवी आणि संस्थेने स्वतःचे ४७५ रुपये त्यात घालायला हवेत. कपात दिसली म्हणजे रक्कम जमा झाली असे मात्र समजू नये. आपला दहा अंकी विमा क्रमांक वापरून ईएसआयसीच्या संकेतस्थळावर किंवा उमंग ॲपवर महिन्यागणिक अंशदान पाहता येते. कपात आहे पण जमा नाही, असे आढळल्यास स्लिपच्या प्रती जोडून ईएसआयसीच्या कार्यालयात तक्रार द्यावी. ही तक्रार भत्त्याच्या अर्जाबरोबर देण्यापेक्षा त्याच्या कितीतरी आधी, नोकरीत असतानाच, दिलेली बरी.

ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या चालकांनी आणि मावशींनी आपला विमा कोणाच्या नावे नोंदवला आहे हे पाहावे. ठेकेदाराने अंशदान भरले नसेल, तर ते भरण्याची प्राथमिक जबाबदारी मुख्य मालकावर म्हणजे शाळेवर येते, ही गोष्ट या वर्गातील फार थोड्यांना माहीत असते.

आणखी एक बाब काळजीपूर्वक पाहावी. काही शाळा दर जूनमध्ये नवे पत्र देताना जुना विमा क्रमांक न विचारता नवीन क्रमांक काढतात. त्यामुळे चार वर्षे सलग काम केलेल्या शिक्षिकेची नोंद चार तुकड्यांत विभागली जाते आणि कागदोपत्री ती दरवेळी नवखी ठरते. रुजू होताना जुना क्रमांक स्वतःहून लिहून द्यावा. एकाहून अधिक क्रमांक झालेच असतील, तर ते एकत्र करण्यासाठी शाखा कार्यालयात आधीच अर्ज करावा.

पात्रतेचा हिशेब

नोकरी गेलेल्या विमाधारकासाठीची योजना म्हणजे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. सुरुवातीला सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्के मदत मिळत असे आणि नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबावे लागे. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, मदत ५० टक्के झाली आणि मागणी देय होण्याचा काळ ३० दिवसांवर आला. ही योजना मुदतीची आहे आणि सवलतींना वेळोवेळी मुदतवाढ दिली जाते, म्हणून अर्जाच्या दिवशी कोणत्या अटी चालू आहेत हे शाखा कार्यालयात किंवा १८००-११-२५२६ या निःशुल्क क्रमांकावर विचारून मगच पुढे जावे.

सवलतीच्या अटी अशा आहेत. बेरोजगार होण्यापूर्वी किमान दोन वर्षे विमापात्र नोकरी झालेली असावी. बेरोजगारीच्या लगतपूर्वीच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचे अंशदान असावे आणि त्याआधीच्या दोन वर्षांतील उरलेल्या तीन कालावधींपैकी एकात तरी ७८ दिवस भरलेले असावेत. अंशदान कालावधी वर्षात दोन असतात, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. ३० एप्रिलला सेवा संपलेल्या व्यक्तीसाठी लगतपूर्वीचा कालावधी ऑक्टोबर ते मार्च हा ठरतो.

मासिक पगारावर असलेल्यांना हे ७८ दिवस जड जात नाहीत, कारण पगारी रविवार आणि दिवाळीची पगारी सुट्टी त्यांत मोजली जाते. तासिका तत्त्वावरील शिक्षकाची गोष्ट वेगळी आहे. आठवड्यातून तीन दिवस शाळेत जाणाऱ्या चित्रकला किंवा संगीत शिक्षकाचा हिशेब मांडून पाहावा : ऑक्टोबर ते मार्च म्हणजे २६ आठवडे, गुणिले तीन, बरोबर ७८. यातून दिवाळीच्या सुट्टीचे दोन आठवडे वजा केले की ७२ उरतात, आणि परीक्षेच्या काळात तासिका बंद राहिल्या तर आणखी कमी. म्हणजे वर्षभर एकही खाडा न करता तो अपात्र ठरतो. अशा शिक्षकाने परीक्षेतील पर्यवेक्षण, उत्तरपत्रिका तपासणी, स्नेहसंमेलनाची तयारी या दिवसांचे मानधनही वेतन म्हणून नोंदवले जावे आणि ते दिवस अंशदानात यावेत, असा आग्रह सत्र चालू असतानाच धरला पाहिजे. मार्च उलटल्यावर तो आग्रह निरुपयोगी आहे.

रक्कम किती मिळेल हेही आधीच काढता येते. मागील चार अंशदान कालावधींतील एकूण वेतनाला ७३० ने भागून दैनिक सरासरी काढतात आणि तिच्या निम्मी रक्कम रोजची मदत म्हणून धरतात. १४,६०० रुपये पगारावर दोन वर्षांत २४ महिने वेतन मिळाले असेल, तर एकूण ३,५०,४०० रुपये, सरासरी ४८० रुपये आणि मदत रोज २४० रुपये होते. याच पगारावर दरवर्षी दोन महिने बिनपगारी गेले असतील, तर एकूण २,९२,००० रुपये, सरासरी ४०० आणि मदत २०० रुपये होते. बिनपगारी सुट्टीचा फटका असा दुहेरी बसतो. सुट्टीतला पगार जातोच, पुढे खरोखर नोकरी गेली तर मिळणारी मदतही कमी होते.

ही मदत संपूर्ण आयुष्यात जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंतच मिळते. आणि ३० दिवस उलटल्याशिवाय मागणी देय होत नाही, म्हणजे १ मेला घरी बसलेल्या आणि १५ जूनला पुन्हा रुजू होणाऱ्या व्यक्तीच्या हाती पंधरवड्याचीच जागा उरते. माझे स्पष्ट मत असे आहे की जूनमध्ये परत घेतले जाण्याची खात्री असणाऱ्यांनी या थोड्या दिवसांसाठी आयुष्यभराचा कोटा मोडू नये. ज्यांची तुकडी बंद झाली, ज्यांच्या जागी दुसऱ्याची नेमणूक झाली, ज्यांना जूनमध्येही बोलावणे येणार नाही असे दिसते, त्यांच्यासाठी ही मदत आहे आणि त्यांनी ती नक्की घ्यावी.

राजीनामा आणि पोर्टलवरील कारण

सर्वाधिक अर्ज कशामुळे अडचणीत येऊ शकतात, असे मला विचारले तर मी दोन गोष्टींकडे बोट दाखवीन. पहिली म्हणजे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ‘औपचारिकता आहे’ असे म्हणून पुढे सरकवलेला टंकलिखित राजीनामा. स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्याला ही मदत मिळत नाही, तसेच शिस्तभंगाच्या कारवाईने काढून टाकलेल्याला किंवा निवृत्त झालेल्यालाही मिळत नाही. मुदत संपल्याने सेवा संपत असेल, तर राजीनाम्याची गरजच नसते, मुदत संपल्याचे पत्र पुरेसे असते. १९७७ च्या अधिनियमातही राजीनाम्याची रीत घालून दिलेली आहे : कर्मचाऱ्याने तो दोन प्रतींत तयार करावा, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी स्वतःकडे ठेवावी. तारखेची जागा कोरी सोडलेल्या कागदावर मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये घेतलेली सही या रीतीत बसत नाही. पण एकदा सही झाली की ती परतवण्यात महिने जातात, म्हणून ती करूच नये. संबंध बिघडण्याची भीती वाटत असेल, तर ‘घरी विचारून देते’ एवढे म्हणून वेळ घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी नम्र शब्दांत लेखी कळवावे की, आपली सेवा नियुक्तिपत्रातील मुदतीनुसार संपत असल्यास तसे पत्र मिळावे.

दुसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही. संस्थेचा लिपिक दर महिन्याचे अंशदान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत ईएसआयसीच्या पोर्टलवर भरतो. ज्या कर्मचाऱ्याचे कामाचे दिवस शून्य असतील त्याच्यापुढे कारण निवडावे लागते. त्या यादीत ‘रजेवर’, ‘सेवा सोडली’, ‘कपात’ (पगारातील नव्हे, कामावरून कमी केल्याची), ‘काम नाही’ अशा अर्थाचे वेगवेगळे पर्याय आहेत आणि सेवा सोडल्याचे किंवा कपातीचे कारण निवडले तर कामाचा शेवटचा दिवसही भरावा लागतो. घाईत ‘रजेवर’ निवडले गेले, तर महामंडळाच्या दृष्टीने आपण अजून नोकरीतच आहोत आणि बेरोजगारीचा अर्ज त्या नोंदीशी जुळत नाही. मे महिन्याची माहिती १५ जूनपर्यंत भरली जाते. म्हणून प्रवेश आणि दाखल्यांच्या कामासाठी कार्यालय उघडे असताना, मेच्या पहिल्या पंधरवड्यातच, लिपिकांना भेटून योग्य कारण आणि शेवटच्या दिवसाची खरी तारीख भरण्याची लेखी विनंती द्यावी. हे लिपिक बहुतेक वेळा आपलेच सहकारी असतात, आणि कारण समजावून सांगितले तर ते अडवणूक करत नाहीत.

प्रत्यक्ष अर्ज

कागद थोडेच लागतात. आधार कार्ड, बँक पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत, विमा क्रमांक असलेले ई-पहचान कार्ड, नियुक्तिपत्र, मुदत संपल्याचे किंवा कार्यमुक्तीचे पत्र आणि शेवटच्या काही महिन्यांच्या स्लिप एका फाइलमध्ये लावाव्यात. आधार आणि बँक खाते विमा नोंदीशी जोडलेले असणे आवश्यक आहे. पासबुकवर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे नाव, असा फरक शिक्षिकांच्या बाबतीत वारंवार आढळतो, तो अर्जापूर्वीच दुरुस्त करून घ्यावा.

अर्ज ईएसआयसीच्या पोर्टलवर विमाधारकाच्या लॉगिनमधून भरायचा असतो. बेरोजगारीचा काळ भरताना पुढच्या तारखा घालू नयेत, कारण येणाऱ्या दिवसांसाठी आगाऊ मागणी करता येत नाही. भरलेल्या अर्जाची छापील प्रत काढून, सही करून, आधार व पासबुकच्या प्रतींसह आपल्या शाखा कार्यालयात द्यावी किंवा टपालाने पाठवावी. २०२० च्या बदलानंतर हा अर्ज जुन्या मालकामार्फत पाठवण्याची गरज उरलेली नाही, त्यामुळे ‘आधी शाळेचा शिक्का आणा’ असे कोणी सांगितल्यास हा बदल त्यांच्या नजरेस आणावा. आपले शाखा कार्यालय कोणते, हे ई-पहचान कार्डावर छापलेले असते. सिन्नर, ओझर, देवळाली किंवा इंदिरानगर, सगळ्यांनी ते वाचूनच निघावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाल्याने जुन्या कायद्यातील कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून पत्रव्यवहारात कलम न लिहिता योजनेचे पूर्ण नाव लिहावे.

मदत मंजूर झाल्यास रक्कम थेट खात्यात येते. याच दिवसांसाठी आजारपणाचा लाभ घेता येत नाही, एका वेळी एकच रोख लाभ मिळतो. अर्जातील माहिती खरी असली पाहिजे. सुट्टीत दुसऱ्या शाळेत किंवा क्लासमध्ये पगारी काम करत असताना बेरोजगार असल्याचे लिहून देणे हा गुन्हा आहे, आणि त्यात दोषी ठरलेल्याला पुढे ही मदत मिळत नाही.

पैशांइतकीच महत्त्वाची बाब औषधोपचाराची आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. ऑक्टोबर ते मार्चमधील अंशदानावर मिळणारे लाभ पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये लागू होतात, आणि एप्रिल ते सप्टेंबरमधील अंशदानावरचे लाभ जानेवारी ते जूनमध्ये. त्यामुळे ३० एप्रिलला ऑर्डर संपलेल्या व्यक्तीचे कार्ड १ मेला निकामी होत नाही. सुट्टीत मुलाचे किंवा सासूबाईंचे आजारपण निघाले, तर सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात कार्ड घेऊन जाण्यास संकोच करू नये.

ज्यांची शाळाच कायमची बंद झाली किंवा ज्यांची रीतसर कपात झाली, त्यांनी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेची चौकशी आधी करावी. १ एप्रिल २००५ पासूनची ही योजना अधिक दीर्घ मुदतीची असून तिच्यात पहिले १२ महिने सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के भत्ता मिळतो. नुसती मुदत संपलेल्या करारासाठी ती नाही. भविष्य निर्वाह निधी काढून घेणे हा शेवटचा मार्ग समजावा. जूनमध्ये दुसऱ्या शाळेत रुजू व्हायचे असेल, तर निधीचा जुना यूएएन क्रमांक (नोकरी बदलली तरी कायम राहणारा खाते-ओळख क्रमांक) देऊन खाते पुढे चालू ठेवावे. जुन्या शाळेने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल, तर शेवटच्या अंशदानानंतर दोन महिन्यांनी ती तारीख कर्मचाऱ्याला स्वतःला पोर्टलवर भरता येते.

नव्या शाळेचे पत्र हाती आले आणि भत्त्याचा अर्ज अजून प्रलंबित असेल, तर रुजू झाल्याची तारीख शाखा कार्यालयाला त्याच आठवड्यात लेखी कळवावी आणि मागणी त्या तारखेच्या आदल्या दिवसापर्यंतच मर्यादित ठेवावी.